ओढ्याचा हिशोब आभाळातून



आज आम्ही उपग्रहांविषयी बोलणार आहोत. ऐकून कदाचित हसू येईल. बचत गटाच्या बायका पापड-मसाले आणि कर्जाचे हप्ते सोडून आज आभाळात कुठं निघाल्या? खरं सांगायचं तर सुरुवातीला आम्हालाही तसंच वाटलं होतं. उपग्रह म्हणजे टीव्हीची छत्री आणि हवामानाच्या बातम्या, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध. पण आमच्या वस्तीमागच्या ओढ्याचं गेल्या काही वर्षांत काय झालं, त्याचा हिशोब आम्हाला याच उपग्रहांनी मांडून दाखवला. त्या हिशोबात आमच्या नावावरही थोडी रक्कम निघाली. तीही न लपवता सांगणार आहोत.

आमची वस्ती पुण्याच्या दक्षिण भागात, एका ओढ्याच्या काठाला आहे. कात्रजच्या डोंगराकडून शहरात बरेच ओढे उतरतात. त्यांतला आंबिल ओढा सगळ्यांना माहीत आहे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री त्याला जो पूर आला तो पुणेकर विसरलेले नाहीत. त्या पावसात शहर आणि आसपासच्या भागात मिळून वीसहून जास्त माणसं गेली. आमचा ओढा त्याच्यापेक्षा लहान. पण त्या रात्री त्याचं पाणीही आमच्या घरांत शिरलं. माणसं वाचली, हे मोठंच. गहू-तांदूळ भिजले, शिलाई मशिनी चिखलात गेल्या, आणि गटाची नऊ वर्षांची इतिवृत्त वही लगदा होऊन हाती आली. पासबुकं पत्र्याच्या पेटीत वर ठेवलेली होती, म्हणून तेवढी राहिली.

पाणी ओसरल्यावर बैठकीत एकच प्रश्न होता. पाऊस आधीही पडत होता, मग पाणी आताच घरात का आलं? वयानं मोठ्या काकू सांगायच्या, "अगं, ओढा केवढा रुंद होता. आम्ही गोधड्या धुवायला जायचो तेव्हा पलीकडच्या बाईला हाक मारून बोलावं लागायचं." आता पलीकडची बाई हळू बोलली तरी ऐकू येते. वरच्या अंगाला रात्री डंपर येतात आणि राडारोडा टाकून जातात, हे आम्ही डोळ्यांनी पाहत होतो. पण कार्यालयात तक्रार घेऊन गेलो की उत्तर ठरलेलं असायचं. "ओढा पहिल्यापासून एवढाच आहे. तुमच्याकडे काय पुरावा?" काकूंची आठवण हा काही पुरावा होत नव्हता.

आमच्या एका सभासद ताईंची लेक भूगोल घेऊन एम.एस्सी. करते. ती एकदा बैठकीला लॅपटॉप घेऊन आली. म्हणाली, "मावशी, तुम्ही ओढा किती रुंद होता त्यावर भांडताय. आपण बघूया ना." गूगल अर्थ उघडून तिनं आमची वस्ती शोधली आणि तारीख मागं मागं सरकवत नेली. पत्रे कमी होत गेले, झाडं वाढत गेली, रस्त्याचा डांबरी पट्टा मातीचा झाला. आणि आमच्या डोळ्यांसमोर ओढा रुंद होत गेला. काकू काही बोलल्या नाहीत. पदरानं डोळे पुसत नुसत्या मान हलवत राहिल्या.

हे चित्र येतं कुठून, ते आम्ही तिच्याकडून समजून घेतलं. तुम्हालाही थोडक्यात सांगतो.

पृथ्वीभोवती फिरणारे काही उपग्रह ठरावीक दिवसांनी त्याच जागेवरून जातात आणि खालच्या जमिनीचं चित्र टिपतात. अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह 1972 साली गेला. म्हणजे आमच्यातल्या बऱ्याच जणींच्या जन्माआधीपासूनची नोंद तिथं आहे. 2008 पासून ही चित्रं सगळ्यांना फुकट मिळतात. युरोपचा सेंटिनेल-2 हा 2015 साली सुरू झाला. त्याच्या उपग्रहांची जोडी दर पाच दिवसांनी त्याच जागेवर येते. आपल्या इस्रोचा नियमित कामाचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-1ए 1988 साली गेला. पुढे कार्टोसॅट मालिका आली, ती खास नकाशांच्या कामाची. इस्रोच्या 'भुवन' या संकेतस्थळावर 2009 पासून आपल्या देशाची अशी चित्रं बघायला मिळतात.

पण सगळी चित्रं सारखी नसतात. सेंटिनेलच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा 10 मीटर बाय 10 मीटरचा चौकोन. आमच्या वस्तीतलं घर दहा फूट बाय बारा फूट. म्हणजे एका ठिपक्यात आमची आठ-नऊ घरं बसतात! लँडसॅटचा ठिपका तर 30 मीटरचा, त्यात गल्लीच्या गल्ली मावते. अशा चित्रात तुमचं घर दिसणार नाही. पण शहर कुठल्या दिशेनं वाढलं, टेकडीवरची झाडी किती उरली, तळं किती आटलं, हे छान कळतं. घर, गल्ली, ओढ्याचा काठ बघायचा तर जास्त बारकाईची चित्रं लागतात. गूगल अर्थवर ती बघता येतात, पण ती दर पाच दिवसांनी येत नाहीत. कधी वर्षात दोन सापडतात, कधी एकही नाही.

आणखी एक गंमत. या उपग्रहांना आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाशही दिसतो. हिरवं, टवटवीत पान एका प्रकारचा अदृश्य प्रकाश भरपूर परत पाठवतं. त्याला अवरक्त म्हणतात. माती, सिमेंट, पत्रा यांचं तसं नसतं. त्या फरकावरून झाडी किती आणि काँक्रीट किती, हे संगणक सांगू शकतो. लँडसॅट जमिनीची उष्णताही मोजतो.

बघताना आमची एकदा चांगलीच फजिती झाली. आम्ही जानेवारीचं जुनं चित्र आणि मे महिन्याचं नवं चित्र शेजारी ठेवलं आणि आरडाओरडा केला की बघा, सगळी हिरवळ गेली. ती मुलगी हसली. "मावशी, मे महिन्यात टेकडीवर गवत कधी हिरवं असतं का?" तेव्हापासून नियम केला, जानेवारीची तुलना जानेवारीशीच करायची. पावसाळ्यात ढगांमुळे नुसता पांढरा कापूस दिसतो. नेमकं पुराच्या दिवशीचं चित्र हवं असतं तेव्हाच ते मिळत नाही. त्यासाठी रडारचे उपग्रह असतात, ते ढगांतून आणि अंधारातही बघतात. पण ते चित्र वाचणं आपल्यासारख्यांना अवघड, जाणकाराची मदत लागते.

आता आमच्या ओढ्याकडे येऊ. आम्ही तीन चित्रं निवडली. एक वीसेक वर्षांपूर्वीचं, एक मधलं, एक अलीकडचं. तिन्ही हिवाळ्यातली. स्क्रीनवर रेघ ओढून अंतर मोजायची सोय असते. तिनं मोजलं आणि आम्ही वहीत लिहिलं. वरच्या अंगाला, जिथं डंपर यायचे, तिथं ओढ्याचं पात्र निम्म्याहून कमी उरलं होतं. भराव कोणत्या दोन तारखांच्या दरम्यान पडला, तेही कळलं. आम्ही खुशीत होतो. आता बघू कोण म्हणतं पुरावा नाही!

तेवढ्यात एका ताईंनी बोट ठेवलं. "हे काय आहे? इथं आपली मागची ओळ का नाही?"

वीस वर्षांपूर्वीच्या चित्रात आमच्या वस्तीची मागची अकरा घरं नव्हती. त्या जागी ओढ्याचं वळण होतं आणि झुडपं होती. म्हणजे ओढा फक्त डंपरवाल्यांनीच अरुंद केला नव्हता. थोडा आम्हीही केला होता.

बैठकीत एकदम शांतता झाली. मागच्या ओळीतल्या सहा जणी आमच्याच गटात आहेत. त्यांतल्या बऱ्याच 2012-13 च्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेल्या. जागा त्यांनी फुकट घेतलेली नाही, कुणाला तरी पैसे मोजून घेतली. पैसे घेणारा कधीच निघून गेला. एक जण म्हणाली, "लॅपटॉप बंद करा. हे चित्र ऑफिसात गेलं की डंपरवाला राहील बाजूला, पहिला बुलडोझर आमच्या दारात येईल." दुसरी म्हणाली, "आणि नाही दाखवलं तर? पुढच्या पुरात पहिलं पाणी तुझ्याच घरात येणार आहे." त्यावर ती जे म्हणाली ते आमच्या कानांत अजून आहे. "त्या फोटोत माझं घर दिसतं. पण घर सोडून मी पोरं घेऊन जाऊ कुठं, ते त्या फोटोत दिसतं का?"

मैत्रिणींनो, या विषयावरची ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. वरून दिसतं ते खरं असतं, पण ते पुरं नसतं. उपग्रहाला पत्रा दिसतो. पत्र्याखाली किती माणसं आहेत, किती वर्षं राहतात, कुणाचं पोर दहावीला आहे, हे दिसत नाही. ते आपल्यालाच लिहावं लागतं. पुण्यात शेल्टर असोसिएट्ससारख्या संस्था वस्त्यांचे नकाशे करताना उपग्रहाचं चित्र आणि घरोघरची माहिती एकमेकांना जोडतात, ते याच कारणानं.

तीन बैठका याच विषयावर झाल्या. हप्त्यांचं काम मागं पडलं. शेवटी ठरलं की मागच्या ओळीतल्या घरांची संमती असेल तरच चित्र बाहेर न्यायचं, आणि नुसतं चित्र न्यायचं नाही. आम्ही घरोघर फिरलो. कोण किती वर्षं राहतं, माणसं किती, लाइट बिल, रेशनकार्ड, फोटोपास यांतलं काय आहे, हे एका तक्त्यात लिहिलं. 2019 ला पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं, तिथं खडूनं रेघ मारून फुटपट्टीनं मोजलं. ते आकडे नकाशावर भरले. पहिल्यांदाच आम्हाला दिसलं की सगळ्यात जास्त पाणी मागच्या ओळीत नाही, भराव जिथं संपतो तिथल्या चार घरांत आलं होतं. पाण्याला रुंदी मिळाली नाही, म्हणून ते तिथं उलटलं. हे उपग्रहानं सांगितलं नसतं आणि नुसत्या खडूच्या रेघेनंही सांगितलं नसतं. दोन्ही एकत्र ठेवलं तेव्हाच कळलं. हे पाहिल्यावर अकराच्या अकरा घरांनी सही केली.

मग ठराव केला. पहिली मागणी, भराव थांबवा आणि पडलेला उचला. दुसरी, ओढ्याची मोजणी करून हद्द जागेवर दाखवा. तिसरी, मागच्या ओळीतल्या घरांना हलवायचंच असेल तर आधी जवळच्या जागेचं लेखी पत्र द्या, मग घराला हात लावा.

कार्यालयात साहेब म्हणाले, "गूगलचं चित्र पुरावा होत नाही." त्यांचं तसं चूक नव्हतं. जमिनीची हद्द भूमी अभिलेखाच्या मोजणीनं ठरते, आभाळातल्या फोटोनं नाही. पण आम्ही तयारीनं गेलो होतो. म्हणालो, "साहेब, याला पुरावा म्हणू नका. या दोन तारखांच्या दरम्यान या जागी काय बदललं, ते तुम्ही येऊन जागेवर बघा, एवढंच आमचं म्हणणं आहे." तारीख आणि जागा कागदावर असली की 'बघतो' म्हणून टाळणं अवघड होतं. दोन हेलपाटे झाले, माहिती अधिकाराचा एक अर्ज झाला, आणि मग पाहणी झाली. त्या उन्हाळ्यात भरावाचा काही भाग उचलला गेला. सगळा नाही. रात्रीचे डंपर कमी झाले, बंद झालेले नाहीत. मागच्या ओळीचं सर्वेक्षण झालं, पण पत्र अजून हातात आलेलं नाही. तीन कुटुंबं वाट न पाहता भाड्याच्या खोलीत गेली. त्यांच्या डिपॉझिटसाठी गटानं अंतर्गत कर्ज दिलं, आणि पहिले सहा महिने व्याज घ्यायचं नाही असं ठरवलं. उरलेल्या आठ घरांची कागदपत्रं पावसाळ्यात वरच्या गल्लीतल्या घरांत ठेवलेली असतात. जोराचा पाऊस लागला की कुणी कुणाला फोन करायचा, ती यादी प्रत्येकीच्या भिंतीवर आहे. ही गोष्ट संपलेली नाही, म्हणूनच तुम्हाला सांगतो आहोत.

आता जरा आपल्या ओढ्यापलीकडे बघू. 2015 साली संयुक्त राष्ट्रांनी 2030 पर्यंत गाठायची 17 शाश्वत विकास ध्येयं ठरवली. त्यांतलं अकरावं शहरांचं आहे. शाश्वत म्हणजे काय, तर आजची गरज भागवताना पोराबाळांच्या वाट्याचं संपवायचं नाही. हे तर आपण स्वयंपाकघरात रोज करतो. त्या ध्येयात एक मोजमाप आहे. शहराची माणसं ज्या वेगानं वाढतात, त्याच्या तुलनेत बांधकामाखालची जमीन किती वेगानं वाढते? माणसं थोडी वाढली आणि जमीन मात्र भराभर खाल्ली, तर काहीतरी चुकतंय. पुण्याच्या महापालिकेत 2017 मध्ये 11 गावं आली, 2021 मध्ये आणखी 23 आली. हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. या गावांतली शेतं, ओढे, टेकड्या यांचं पुढं काय होतं, ते मोजायला उपग्रहाशिवाय सोपी वाट नाही. शहरात मोकळी जागा किती उरली हेही त्याच ध्येयात मोजतात. पोरांना खेळायला आणि म्हाताऱ्यांना टेकायला जागा आहे का, असा तो साधा प्रश्न आहे.

उन्हाचंही तसंच. उपग्रहाच्या उष्णतेच्या नकाशात झाडीचा भाग थंड आणि दाट पत्र्यांचा भाग तापलेला दिसतो. त्यात जमिनीची आणि छपराची उष्णता असते, हवेची नसते. त्यामुळे तो आकडा आणि टीव्हीवरचं तापमान जुळत नाही, गोंधळू नका. अहमदाबादेत 2010 च्या मे महिन्यात उष्णतेच्या लाटेनं खूप बळी घेतले. त्यानंतर 2013 मध्ये त्या शहरानं उष्णतेसाठी कृती आराखडा केला. तिथं महिला हाउसिंग ट्रस्टनं वस्त्यांतल्या बायकांबरोबर छपरांना ऊन परतवणारा पांढरा रंग लावायचं काम केलं. कुठल्या वस्तीत असं काम आधी व्हायला हवं, हे ठरवायला उष्णतेचा नकाशा उपयोगी पडतो.

आम्ही गटात म्हणतो, उपग्रह म्हणजे शहराचं पासबुक आहे. नोंदी आपोआप होत राहतात. कुणी टेकडी काढली, कुणी तळ्यात जमा केलं, सगळं तारखेसकट. पण बॅंकेत नुसतं पासबुक भरून घेतलं आणि कधी वाचलंच नाही, तर पैसे कुठं गेले ते कसं कळणार? वाचणारी बाई पाहिजे. आणि वाचताना आपल्याच नावावरचा खर्च दिसला तरी पान उलटून टाकायचं नाही.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर फार काही लागत नाही. वस्तीत कॉलेजला जाणारं एखादं पोर गाठा. गूगल अर्थ किंवा भुवनवर आपली जागा शोधा. एकाच महिन्याची, वेगवेगळ्या वर्षांची चित्रं निवडा आणि प्रत्येकाची तारीख लिहून घ्या. मग लॅपटॉप बंद करून ती जागा पायी फिरा. वयानं मोठ्या बायकांना बरोबर घ्या, त्यांना जे आठवतं ते लिहा. ज्यांच्या घराचा प्रश्न येतो त्यांच्याशी आधी बोला, त्यांच्या संमतीशिवाय चित्र कुठं पाठवू नका. आणि कार्यालयात जाताना भांडायला जाऊ नका. तारीख, जागा आणि मागणी, या तीन गोष्टी एका कागदावर घेऊन जा. पोच घ्यायला विसरू नका.

काकू परवा पुन्हा म्हणाल्या, "ते ओढ्याचं चित्र दाखवा की." तारीख मागं नेली, ओढा रुंद झाला. त्यांनी बोट ठेवून आपला गोधड्या धुवायचा दगड कुठं होता ते दाखवलं. चित्रात तो दगड काही दिसत नाही. आम्ही तो नकाशावर पेनानं काढून घेतला.

आपल्या ओढ्याची, तळ्याची, टेकडीची अशी काही नोंद तुमच्या गटात झाली, तर आम्हाला केंद्राच्या पत्त्यावर जरूर कळवा.

नमस्कार.